आम्ही डायलिसिसची मशीनं का घेतली नाहीत

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तुम्ही काही पहिले नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस विचारतो, पुण्याहून नणंद फोनवर विचारते, आमच्याच ट्रस्टचे एक जुने विश्वस्त दर बैठकीला विचारतात. सगळ्यांचा सूर एकच: पाच मशीनं फुकट मिळत होती आणि तुम्ही परत पाठवलीत?

परत पाठवली नाहीत. ती आलीच नव्हती. आम्ही एका पत्राला नकार कळवला, एवढंच. पण 'परत पाठवली' हेच सगळीकडे पसरलंय, आणि ते दुरुस्त करत बसणं मी सोडून दिलंय.

सातपुड्याच्या पायथ्याचा आमचा दवाखाना तुम्हाला माहीत आहे, त्याबद्दल सांगत नाही. मी तिथला हिशेब आणि देणग्या बघते. म्हणजे मशीन चालवणारी मी नाही, आजारी पडणारीही नाही. मधली. त्यामुळे 'यांना काय कळतंय, कागदं रंगवणाऱ्या बाई' हेही ऐकून झालंय.

आधी देणगीचं एकंदर कसं असतं ते सांगते. वस्तूला दाता मिळतो. अ‍ॅम्ब्युलन्सला तर लगेच मिळतो, तिच्यावर नाव रंगवता येतं. डिझेलला मिळत नाही, ड्रायव्हरला तर नाहीच. आमच्याकडे नवजात बाळांसाठी रेडियंट वॉर्मर आहेत, बाळाला वरून ऊब देणारे. त्याला एक प्रोब असतो, बारीक वायर आणि टोकाला बटणाएवढी चकती. ती बाळाच्या पोटावर चिकटवायची, म्हणजे मशीन बाळाचं तापमान बघून ऊब कमी-जास्त करतं. ही वायर तुटते. बाळ हलतं, सिस्टर घाईत असते, ती ओढली जाते आणि तुटते. मग वॉर्मर हाताने सेट करून चालवायचा आणि दर थोड्या वेळाने बाळाच्या काखेत थर्मामीटर लावत बसायचं. अख्ख्या वॉर्मरला माझ्याकडे दाते होते. प्रोबला एकही नव्हता. ते पैसे एक निवृत्त शिक्षिका दर महिन्याला पाचशे रुपये पाठवतात त्यातून काढते. त्यांनी आजवर पैसे कुठे गेले हे विचारलेलं नाही, नुसती प्राप्तिकरातल्या सवलतीची पावती तेवढी वेळेवर मागतात.

आता तो मार्च.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कंपनीचे लोक आले की आमच्यासारख्यांना लगेच कळतं. 2013च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. 2021पासून उरलेले पैसे गपचूप ठेवून घेता येत नाहीत. चालू प्रकल्पाचे असतील तर वेगळ्या खात्यात टाकायचे, नाहीतर सरकारी निधीत. त्यामुळे वर्षभर ज्यांनी आमच्या मेलला उत्तर दिलेलं नसतं, ते मार्चमध्ये गाडी घेऊन दारात.

तिघं आले होते. पाच डायलिसिस मशीनं, आरओ प्लांट, एसी, खोलीचं रंगकाम, बाहेर बोर्ड. 31 मार्चच्या आत उद्घाटन. आमच्या डॉक्टरबाईंचे डोळे चमकले, मी खोटं कशाला सांगू, माझेही चमकले. आमच्या भागातले पेशंट नंदुरबारला जातात, कोणी सुरतेला. आठवड्यातून दोनदा, जमलं तर तीनदा, जन्मभर.

चहा झाल्यावर मी विचारलं, टेक्निशियनचं काय?

"मॅडम, आम्ही कॅपेक्स देतो, ऑपेक्स नाही." म्हणजे वस्तू घ्यायचा एकदाचा खर्च देणार, रोज चालवायचा नाही.

रक्त गाळणारा डायलायझर, रक्ताच्या नळ्या, रक्त गोठू न देणारं हेपारिन? ऑपेक्स. मेन्टेनन्सचा करार? पहिलं वर्ष वॉरंटी, पुढे तुमचं. मी म्हटलं, पगार देणंही कायद्यात बसतं हो. पाच टक्क्यांची मर्यादा तुमच्या कंपनीच्या कार्यालयीन खर्चाला आहे. प्रकल्पावर थेट काम करणाऱ्या माणसाचा पगार त्यात धरत नाहीत. आणि सुरू केलेल्या वर्षानंतर आणखी तीन वर्षं प्रकल्प चालवता येतो. त्यांच्यातला तरुण मुलगा हसला आणि म्हणाला, "कायद्यात बसतं मॅडम, कंपनीच्या बोर्डात बसत नाही." त्याच्यावर माझा राग नाही. तिघांत तो एकटाच वहीत लिहून घेत होता.

मग फॉर्म. लाभार्थी किती? मी हिशेब मांडला. पाच मशीनं, दिवसाला दोन पाळ्या, एक पाळी चार तासांची. सहा दिवसांच्या आठवड्याला साठ सत्रं. आठवड्याला तीनदा धरलं तर वीस माणसं, दोनदा धरलं तर तीस. त्यातही हिपॅटायटिस-बी असलेल्यांसाठी एक मशीन बाजूला ठेवावं लागतं, म्हणजे त्याहून कमीच. साहेबांचा चेहरा पडला. "वीस? मग सत्रं लिहा ना. वर्षाला तीन हजार होतात." म्हणजे तीच वीस माणसं, पुन्हा पुन्हा मोजलेली. आणि खाली शेवटचा प्रश्न: तुमचा सस्टेनेबिलिटी प्लॅन काय? पगार द्यायचा नाही, आणि पगार कुठून देणार ते आम्हीच लिहून द्यायचं.

पाणी राहिलंच. एका सत्राला साधारण 120 लिटर शुद्ध पाणी लागतं, मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने. आरओ जेवढं शुद्ध करतो जवळपास तेवढंच बाहेर फेकतो. दहा सत्रं म्हणजे दिवसाला अडीच हजार लिटरच्या आसपास. मे महिन्यात आमची बोअर धापा टाकते आणि ओपीडीच्या संडासाला टँकरचं पाणी असतं. वीज गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंत मशीनच्या पंपाचा दांडा हाताने फिरवावा लागतो. पेशंटचं रक्त त्या वेळी नळ्यांत असतं, ते गोठून चालत नाही. हे करायला शिकलेलं माणूस हवं, आणि ते माणूस धुळ्याहून-नाशकाहून येऊन इथे किती दिवस टिकतं हे आम्ही एक्स-रेच्या टेक्निशियनवरून पाहिलंय.

सरकारी योजनेत डायलिसिसचे पैसे मिळतात, हेही लोक मला समजावतात. मिळतात. महात्मा फुले योजनेत आहे. पण आधी योजनेत युनिटचं नाव यावं लागतं, मग क्लेम करायचा, मग पैसे. तोवर डायलायझर उधारीवर कोण देतं?

आमच्या विश्वस्तांतले एक शेतकरी आहेत, ते म्हणाले, बैल फुकट मिळाला म्हणून वैरण फुकट मिळत नाही. बैठकीत सगळे हसले. नकाराचं पत्र मी लिहिलं.

इथपर्यंत ऐकून बरेच जण मान डोलावतात. मला ते फारसं आवडत नाही, कारण माझा मुद्दा मलाच पुरता पटलेला नाही. पंधरा वर्षांपूर्वीची मी असते तर मशीनं घेतली असती. तिचं म्हणणं मला पाठ आहे. सोनोग्राफी घेतली तेव्हा काय होतं तुमच्याकडे? आठवड्यातून एकदा, मंगळवारी, ओळखीने येणारा एक डॉक्टर, आणि त्याच्या नावावरची नोंदणी. तो यायचा थांबला असता तर मशीनला कुलूप. तेव्हा केलात का पाण्याचा आणि विजेचा हिशेब? नाही केला. घेतलं, आणि मग माणसं जमली. आज ते आठवड्यातले पाच दिवस चालतं. ऑपरेशन थिएटर धान्याच्या गोदामात सुरू झालं होतं. हिशेब पुरा झाल्यावर सुरू करायचं म्हटलं असतं तर हा दवाखानाच झाला नसता.

मी तिला सांगते, सोनोग्राफी बंद पडली तर बाई शहाद्याला जाते, उद्या जाते, परवा जाते. डायलिसिस परवावर टाकता येत नाही. वीस माणसं नंदुरबारची जागा सोडून आमच्याकडे येणार, आणि सात-आठ महिन्यांनी टेक्निशियन गेला की आम्ही त्यांना सांगणार, आता परत तिकडे बघा. तोवर तिकडची त्यांची पाळी दुसऱ्याला गेलेली असणार. आमच्याकडे कोविडमधला ऑक्सिजन प्लांट आहे, 2021 सालचा, देणगीतूनच आलेला. थ्री-फेजचं बिल आणि फिल्टर परवडत नाहीत म्हणून त्याच्या शेडला कुलूप आहे. तो बंद असला तरी आम्ही सिलिंडर आणतो. डायलिसिसला सिलिंडर नाही.

ती म्हणते, बरं. पण गुरुजी?

गुरुजी वरच्या एका पाड्यावरच्या शाळेत शिकवायचे. आठवड्यातून दोनदा नंदुरबारला जायचे. आधी जीप, मग एसटी, चार तास मशीनवर, आणि तसंच परत. येताना दवाखान्यावरून जायचे, कधी थांबून बाहेरच्या बाकावर बसायचे. मशीनांचं त्यांना माहीत होतं, तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं. मला एका शब्दाने विचारलं नाही. माझ्या मुलाला कितवी आहे विचारायचे.

पुढच्याच पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि त्यांच्या दोन पाळ्या चुकल्या. पाणी उतरल्यावर माणसांनी त्यांना झोळीत खाली आणलं ते आमच्याकडे, कारण आम्ही जवळ. पाय सुजलेले, आडवं होता येत नव्हतं, छातीत पाणी. डॉक्टरबाईंनी ऑक्सिजन लावला, रक्तात वाढलेल्या पोटॅशियमसाठी इंजेक्शनं दिली, अ‍ॅम्ब्युलन्स काढली. दात्याचं नाव रंगवलेली. डिझेल भरायचे पैसे मी काउंटरच्या गल्ल्यातून दिले. नंदुरबारला पोचायच्या आधी गेले.

आमच्याकडे मशीन असतं तरी नाला तोच होता, हे मला लोक सांगतात, चांगल्या मनाने सांगतात. तो नाला पाडा आणि आमच्यामध्येच आहे, खरं आहे. पण पाणी उतरलं त्या सकाळी मशीन वीस पावलांवर असतं. हेही खरं आहे. आणि तोवर टेक्निशियन टिकला असता का, हे कोणीच सांगू शकत नाही. मीही नाही.

त्यांच्या बायको कागदांसाठी आल्या होत्या. काम झाल्यावर उठल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, वर्षभर तरी चालली असती ना ती मशीनं?"

मी काय बोलणार? मेन्टेनन्स कराराबद्दल? मी म्हटलं, पाण्याचा फार प्रश्न होता.

"पाणी तर आम्ही आणून दिलं असतं."

आरओचं पाणी हंड्याने आणता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक आहे. पण त्या बाई मे महिन्यात रोज डोंगर उतरून पाणी नेतात, आणि मी नकाराच्या पत्रात दुसरं कारण म्हणून पाणीच लिहिलं होतं. पहिलं टेक्निशियनचं होतं. ते मी त्यांना का सांगितलं नाही, मला माहीत नाही. बहुतेक त्यावर त्या म्हणाल्या असत्या, शिकवा ना आमच्या मुलीला.

ते मी नंतर सुचवलंसुद्धा. दोन स्थानिक मुलींना डायलिसिस टेक्निशियनचा कोर्स, राहण्या-जेवणासकट, परत येऊन काम करायच्या अटीवर. निम्म्या दात्यांनी उत्तर दिलं नाही. एकाने विचारलं, बोर्ड कुठे लावणार?

यंदा दुसऱ्या एका कंपनीचा फॉर्म आलाय. दोनच मशीनं, पण तीन वर्षं पगार आणि मेन्टेनन्स द्यायला तयार आहेत. डॉक्टरबाई हो म्हणताहेत. शेतकरी विश्वस्त म्हणतात, आधी दुसरी बोअर मारा. जुने विश्वस्त म्हणतात, यांना विचारू नका, या परत पाठवतील. फॉर्म ऑनलाइन आहे. बाकीचा भरून झालाय. चौथ्या वर्षापासून खर्च कुठून करणार, हा एक रकाना राहिलाय. तो कोरा ठेवून पुढचं पान उघडत नाही, आणि त्यात 'सध्या माहीत नाही' असं लिहिलं तर किमान दोनशे अक्षरं लिहा असं लाल अक्षरांत येतं.