गुहागरच्या समुद्रात चिपळूणचा वारा

पहाटे साडेपाचला राजपुरीच्या खाडीत नांगर उचलला तेव्हा जंजिरा अंधारात नुसता काळा ठिपका होता. फेब्रुवारी महिना, मुंबईहून गोव्याला निघालेली चौतीस फुटी शिडाची बोट, आम्ही तिघे आणि वाऱ्याचे दोन अंदाज. भांडण त्या अंदाजांवरूनच जुंपलं होतं.

कप्तानाच्या (एरवी मित्र, बोटीवर कप्तान) लॅपटॉपवरची ग्रिब फाइल (हवामानाच्या अंदाजाचे आकडे भरलेली) सांगत होती: गुहागरसमोर दुपारी तीनला वायव्येचा 9 नॉट (ताशी 9 सागरी मैल) वारा. माझ्या फोनवर त्याच जागी, त्याच वेळेला 15. "तुझं अ‍ॅप उगाच घाबरवतं," म्हणत त्याने जेनोआ, म्हणजे पुढचं मोठं शीड, उघडलं. मी गप्प बसलो. बोट त्याची होती आणि चहाही तोच करत होता.

दाभोळपर्यंत त्याचंच खरं ठरलं. दोननंतर मात्र मागचं पाणी गडद होत गेलं, पांढरे तुरे दिसायला लागले. वारा पाठीवर असला की त्याचा जोर कळत नाही, कारण बोटही त्याच्याच बरोबर पळत असते. सुकाणू जड झालं म्हणून जेनोआ आखडायला नाक वाऱ्याकडे वळवलं आणि मग कळलं. 20 नॉट! शीड फाडफाड आपटतंय, खाली किटली लोळतेय, तिसरा गडी देवाचं नाव घेतोय. जेनोआ गुंडाळायला वीस मिनिटं लागली.

संध्याकाळी जयगडला नांगर टाकल्यावर फाइल नीट उघडून पाहिली. मोबाइलला रेंज कमी, म्हणून फाइल छोटी ठेवायला कप्तानाने अर्ध्या अंशाची मागवली होती. तीही थेट लक्षद्वीपपर्यंतची! फाइल ज्यातून येते ते जीएफएस हे अमेरिकेचं हवामान मॉडेल स्वतः साधारण 13 किलोमीटरच्या चौकटींत गणित करतं, पण अर्ध्या अंशाच्या फाइलमध्ये दर 53-55 किलोमीटरला एकच आकडा उरतो. गुहागरच्या आसपासचा एक बिंदू 73 अंश रेखांशावर, किनाऱ्यापासून वीसेक किलोमीटर आत समुद्रात. पुढचा साडेत्र्याहत्तरवर, म्हणजे जवळजवळ चिपळुणात. मधल्या जागेचे आकडे सॉफ्टवेअर या दोघांची अंतराच्या प्रमाणात सरासरी काढून भरतं आणि बाण असे गुळगुळीत काढतं की जणू प्रत्येक ठिकाणी कुणी वारा मोजून आलंय. आम्ही किनाऱ्यापासून दोन-अडीच मैलांवर होतो. म्हणजे त्या 9 नॉटमध्ये पाव हिश्शाहून जास्त वारा चिपळूणचा होता, झाडाझुडपांत आणि डोंगरांत अडखळणारा.

माझ्या फोनवर ईसीएमडब्ल्यूएफ हे युरोपचं मॉडेल होतं, चौकट 9 किलोमीटरची. समुद्र ते सह्याद्री या पन्नासेक किलोमीटरच्या पट्ट्यात त्याच्या पाच-सहा चौकटी बसतात, त्यामुळे दुपारी तापलेली जमीन खारा वारा ओढून घेते हे त्याला थोडंफार दिसतं. तरी 20 चे त्याने 15 केलेच. चौकट 9 किलोमीटरची असली तरी तेवढ्याच आकाराची गोष्ट मॉडेलला नीट रेखाटता येत नाही, तिला अनेक चौकटी व्यापाव्या लागतात. शिवाय आकडा सरासरी वाऱ्याचा असतो, झोत वेगळे.

हे मी जरा शहाणपणाच्या सुरात सांगितलं. त्याचं उट्टं पहाटे निघालं. माझ्या अ‍ॅपने रात्री पूर्वेचा 4 नॉट दाखवला होता. चारच्या सुमाराला शास्त्रीच्या खाडीतून थंडगार मतलई सुटली, 12 ते 13 नॉट, आणि बोट गर्रकन फिरून नांगराच्या साखळीवर खडखडायला लागली. खारे वारे, मतलई वारे. शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. खाडीचं तोंड इतकं अरुंद, की 9 किलोमीटरच्या चौकटीला ती खाडी दिसतच नाही. कप्तान अंधारात हसत होता. "तुझ्या फोनला विचार."

विजयदुर्गला जाईपर्यंत त्याने पाव अंशाची फाइल मागवली, फक्त किनाऱ्यापुरती. आधीच्यापेक्षा लहानच भरली. मालवण, मग वेंगुर्ल्याचे खडक. तिथे शेवटच्या दिवशी दोन्ही अंदाज पहिल्यांदाच जुळले: दुपारी 12 नॉट. वाराही बरोबर 12 च आला. पण जेनोआ पूर्ण उघडायला कुणीच तयार नव्हतं. आग्वादला तीन तास उशिरा पोचलो.