मृगाच्या तोंडावरची टाकी

३ जून

दुपारी तीनला पाणी ३१ अंश. दोन बाय एक बाय एक फुटाची माशांची टाकी कागदावर ५६ लिटरची असते. वाळू, दगड, लाकूड आणि वरची इंचभर मोकळी जागा वजा केली की पाणी उरतं ४५ लिटरच्या आसपास. कुठलंही औषध घालायचं तर मात्रा या ४५ वर काढायची, ५६ वर नाही.

आत चेरी श्रिंप (गोड्या पाण्यातली इवलीशी कोळंबी), एम्बर टेट्रा या छोट्या माशांचा एक थवा, काचेवर रॅम्सहॉर्न गोगलगाई आणि वाळूत मलेशियन ट्रम्पेट गोगलगाई. उन्हाळा आधी जाणवतो तो श्रिंपना. २२ ते २६ अंश त्यांना मानवतात. तिशीच्या वर त्या लगेच मरत नाहीत, पण पाण्यातला ऑक्सिजन कमी होत जातो. २० अंशांना लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. आणि नेमकी उष्म्यातच सगळ्यांची गरज वाढलेली असते.

झाकण काढून छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावला की दोन-तीन अंश उतरतात. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत हे छान जमतं. मुंबईत आणि कोकणात जूनची हवा आधीच दमट, पाणी उडतच नाही, तिथे एखादा अंश मिळाला तरी खूप. बर्फाची बाटली टाकीत सोडायचा सल्ला हमखास मिळतो, तो ऐकू नये. तासाभरात चार अंश खाली आणि बर्फ वितळला की पुन्हा वर. श्रिंप एकसारखे ३० अंश काढते, हे चढउतार नाही काढत.

उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या, म्हणजे क्षार गाळून काढलेल्या पाण्याने करायची. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. बोअरचं पाणी रोज वरून ओतत राहिलं तर महिनाभरात टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, कुठल्या कुठे जातो.

४ जून

ट्रम्पेट गोगलगाई रात्री वाळूतून बाहेर येतात आणि उजाडलं की परत आत शिरतात. सकाळीही त्या झुंडीने पाण्याच्या वरच्या रेषेला चिकटलेल्या दिसल्या तर ऑक्सिजन कमी पडलाय किंवा खाली काहीतरी कुजतंय, असं धरून आधी अमोनिया, म्हणजे कुजण्यातून पाण्यात उतरणारं विष, तपासावा. आज सगळ्या वाळूत. काही करायचं नाही.

८ जून

मृग लागलं. हे दोन-तीन आठवडे टाकीला उन्हाळ्यापेक्षा जड जातात, कारण नळाचं पाणी बदलतं. धरणात गढूळ पाणी येतं, तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढतं. गेल्या महिन्यात चाललेली बादली या महिन्यात चालेलच असं नाही.

क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेटचे खडे पुरतात. १० ग्रॅम खडे विरघळवून १०० मिली द्रावण करायचं, म्हणजे एका मिलीत १०० मिलिग्रॅम. लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर लिटरमागे साधारण ७ मिलिग्रॅम खडे लागतात. म्हणजे २० लिटरच्या बादलीला दीड मिली. पावसाळ्यात ती मात्रा सरळ दुप्पट करावी. थोडं जास्त झालं तर बिघडत नाही, कमी पडलं तर कल्ले जळतात. गढूळपणा मात्र औषधाने जात नाही. पिंपात रात्रभर निवळू द्यायचं, सकाळी वरचं पाणी घ्यायचं आणि तळाचा गाळ झाडांना.

एरवी आठवड्याला २० टक्के पाणी बदललं तरी चालतं. सध्या चार-साडेचार लिटरच, म्हणजे १० टक्के. गरज वाटली तर आठवड्यातून दोनदा. तेही बादलीने ओतायचं नाही. एअर पंपाच्या नळीला सैल गाठ मारून थेंब-थेंब सोडायचं. नवीन आणलेल्या श्रिंपनाही हीच नळी लागते. त्यांच्या भांड्यात सेकंदाला दोन-तीन थेंब, दीड-दोन तास. माशांसारखी पिशवी अर्धा तास तरंगत ठेवून सोडून द्यायचं, हे इथे पुरत नाही. त्याने फक्त तापमान जुळतं, क्षार नाही.

एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळायचा. नळाखाली धरला की क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात, आणि अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करणारे तेच असतात. ते नव्याने बसायला चार ते सहा आठवडे जातात. (टाकी आणि मासे एकाच रविवारी घरी आणले की पुढच्या रविवारी मासे का तरंगतात, त्याचंही उत्तर हेच.) अमोनियाचा आकडा पीएचशिवाय वाचू नये. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर. मुंबईच्या तलावाच्या पाण्यात जी चूक खपते, ती दख्खनच्या कातळातल्या बोअरच्या, चढ्या पीएचच्या पाण्यात भोवते.

११ जून

मॉसमध्ये, म्हणजे टाकीतल्या शेवाळासारख्या झुपक्यात, श्रिंपच्या एका मादीने कात टाकली. आधी ती खाणं सोडून एका काडीला धरून बसते. पाठीवर, डोक्याचं कवच आणि पोटाचं पहिलं वलय जिथे जुळतं, तिथे फट दिसते. मग शरीर वाकवून दोन-तीन हिसके, आणि त्या फटीतून ती मागे उडी मारून सुटते. क्षणाचा खेळ. मागे राहतो पारदर्शक साचा, मिशा आणि पायांसकट सगळा शाबूत. नवखे लोक तो मेलेला जीव समजून काढून टाकतात. काढू नये, बाकीच्या तो खाऊन त्यातलं कॅल्शियम परत घेतात. मादी अंगाने मऊ असते तोवर मॉसमध्ये दडून राहते, आणि तिचा वास लागलेले नर टाकीभर वेड्यासारखे पोहत सुटतात. अंडी धरली तर तीन-चार आठवड्यांनी दोन मिलिमीटरची पिल्लं, दिसायला थेट आईबापांसारखीच.

हे बिघडतं तेव्हा त्या जोडाजवळ अंगाभोवती पूर्ण पांढरं वलय दिसतं. कवच फक्त पाठीवर न फाटता गोल फाटतं आणि श्रिंप त्यात अडकून मरते. वलय दिसल्यावर उपाय जवळपास नसतोच. कारणं आधीची असतात: क्षार कमी, किंवा एकदम मोठं पाणी बदलल्यामुळे वेळेआधी सुरू झालेली कात. जीएच, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा पाण्याचा जडपणा, ६ ते ८ हवा. थेंबांचं किट घ्यावं, रंग बदलेपर्यंत जितके थेंब तितका जीएच. मुंबईचं पाणी मऊ, त्यात श्रिंपसाठीची क्षारांची पूड घालावी लागते. बोअरचा जीएच १६ असेल तर अर्धं आरओ मिसळलं की ८. काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस, अंगठ्याएवढा तुकडा, तळाशी ठेवला तर हळूहळू विरघळतो. पण पीएच आधीच साडेसातच्या वर असेल तर तो तसाच पडून राहतो, गोगलगाई मात्र कुरतडतात.

१४ जून

डास वाढले. श्रिंपच्या टाकीला सगळ्यात मोठा धोका पाण्यात नसतो, तो खोलीच्या हवेत असतो. कॉइल, स्प्रे, भिंतीवर लावायचं यंत्र, सगळ्यांत पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं. श्रिंप ही कीटकांच्या जवळची, तिला फार थोडं पुरतं. एअर पंप खोलीतली हवा ओढून बुडबुड्यांतून ते सरळ पाण्यात नेऊन सोडतो. टाकीच्या खोलीत जाळी लावावी आणि कॉइल बंद. पेस्ट कंट्रोल टळत नसेल तर पंप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळी घ्यावी आणि टाकी प्लास्टिकने झाकावी. पंप नुसता बंद ठेवला तर तीन-चार तास निभतं, पुढे स्पंजमधले जिवाणू गुदमरू लागतात.

महापालिकेचा मलेरिया विभाग डासांच्या अळ्यांसाठी गप्पी मासे सोडतो, ते या टाकीत नकोत. अळी खाणारं तोंड श्रिंपचं पिल्लूही खातं. एम्बर टेट्राही सापडलं तर सोडत नाहीत, पण मॉस दाट असेल तर पुरेशी पिल्लं वाचतात. मासे आजारी पडले तर तांबं असलेलं औषध या टाकीत घालायचं नाही, श्रिंप आणि गोगलगाई दोन्ही जातात. मासा वेगळ्या बादलीत काढून तिथे औषध.

संध्याकाळी वादळ, वीज गेली. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असेल तर वीज जाताच नळीतून पाणी उलटं खाली येतं, पंपात आणि मग बोर्डात. चाळीस-पन्नास रुपयांचा एकमार्गी व्हॉल्व्ह नळीत हवाच. त्यावरच्या बाणाचं तोंड टाकीकडे.

१८ जून

पाणी २७ अंश, टीडीएस २१०. बदामाचं एक पान टाकलं. झाडाखाली आपोआप पडलेलं, लालसर-तपकिरी आणि पूर्ण वाळलेलं घ्यायचं. हिरवं नको, फवारणी झालेल्या बागेतलं तर नकोच. धुऊन, उकळतं पाणी ओतून ४५ लिटरला एक. दोन-तीन आठवड्यांत श्रिंप त्याची नुसती जाळी करून ठेवतात. भाजीत दोडक्याची वाफवलेली चकती सगळ्यांत चालते. चार-पाच तासांनी उरलेली काढून टाकावी.

रॅम्सहॉर्न फार वाढल्यात. त्यांच्यावर औषध नको, खाणं अर्ध्यावर आणायचं. गोगलगाई वाढतात त्या उरलेल्या खाण्यावरच. रात्री कोबीचं पान तळाशी ठेवलं की सकाळी पानासकट मूठभर उचलता येतात. त्या दुसऱ्या टाकीवाल्याला द्याव्यात, नाहीतर फ्रीझरमध्ये ठेवून कुंडीत पुराव्यात. ओढ्यात किंवा गटारात सोडायच्या नाहीत. टाकीतून सुटलेला सकरमाउथ मासा आज आपल्या नद्या-तलावांत कोळ्यांची जाळी फाडतोय, आणि या दिवसांत गटाराचं पाणी नदीपर्यंत पोचायला तास-दोन तासही लागत नाहीत.