ओन्ली म्हणजे फक्त, पण कशापुरतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, कारण मी ट्रान्सलेशनचं काम करते आणि हा प्रश्न मला सारखा येतो: 'ओन्ली म्हणजे फक्तच ना, मग ते वाक्यात टाकायचं कुठे?'

अर्थ बरोबरच आहे. पण आपला 'च' कसा, ज्या शब्दाचा त्यालाच चिकटतो, मीच तिला फोन केला, मी तिलाच फोन केला, मी तिला फोनच केला, तिन्ही वेगळं आणि कुठे गोंधळ नाही. इंग्रजीत ओन्ली बहुतेकदा क्रियापदाच्या आधी जाऊन बसतं आणि ते नेमकं कुणासाठी आहे हे बोलताना आवाजातल्या जोरावरून कळतं. लिहिताना आवाज कुठून आणणार? मी एकदा मैत्रिणीला लिहिलं, 'आय ओन्ली रेड युअर लेटर यस्टरडे', मला म्हणायचं होतं कालच वाचलं, तिला वाटलं नुसतं वाचलं, उत्तर द्यावंसं काही वाटलं नाही, आणि ती खूप दुखावली. ते वाक्य व्याकरणात चूक नव्हतं, पण तेव्हापासून मी 'ओन्ली यस्टरडे' असं खेटूनच लिहिते.

आणि ते 'आय ॲम हिअर ओन्ली'! आपला च दोन कामं करतो, मर्यादा घालतो आणि जोरही देतो. 'मी येणारच' मध्ये मर्यादा कुठेय? ओन्ली तसला जोर देत नाही, म्हणून इथेच म्हणजे 'राइट हिअर'. भारतीय इंग्रजीत ते ओन्ली रुळलंय आणि त्याला हसणारे मला आवडत नाहीत, ती आपली भाषा आतून बोलतेय. बाहेरच्या माणसाला लिहिताना तेवढं बदला.

'ओन्ली टू हॅपी' म्हणजे फक्त खुश नव्हे, अगदी आनंदाने.

सगळ्यात जास्त जपा 'ओन्ली इफ' आणि 'इफ ओन्ली' ला. पहिलं म्हणजे तिने फोन केला तरच, सरळ अट. दुसरं म्हणजे तिने फोन केला असता तर... आणि पुढचं वाक्य बऱ्याचदा येतच नाही.

मूळ शब्द जुन्या इंग्रजीतला 'आनलिक', आन म्हणजे एक. 'वन' चा उच्चार पुढे बदलला, ओन्ली आणि अलोनमध्ये मात्र 'ओन' तसाच राहिला. आपल्या 'केवळ' चाही संस्कृतातला एक अर्थ एकटा असाच आहे.