आमची वाटचाल : स्क्रममधून शिलाई मशीनवर

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळ आमचा छोटा गाळा आहे. टॅकल बॅग (धडक मारायच्या सरावाची उभी गादी), हिट शील्ड (हातात धरायची गादीची ढाल), गोलपोस्टचे पॅड असं रग्बीचं सामान आम्ही शिवतो. हेल्मेट घालून खेळतात तेच ना, असं नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं. नाही हो, ते अमेरिकन फुटबॉल. आमच्यात अंगावर जवळपास काहीच नसतं, म्हणून तर प्रॅक्टिसला बॅग लागते.

मी स्वतः प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या रांगेत कडेला खेळायचो, १ नंबरची जर्सी. पंधराच्या रग्बीत स्क्रम लागला की दोन्हीकडचे आठ-आठ गडी भिडतात आणि मागच्यांचा सगळा जोर पुढच्या रांगेच्या खांद्या-मानेतून जातो. मुंबईतलं आमचं रग्बी पावसाळ्यातलं, बॉम्बे जिमखान्याचं मैदान (भारतातली पहिली क्रिकेट टेस्ट १९३३ ला झाली ते हेच) ऑगस्टमध्ये पार चिखल आणि समोर आर्मीची टीम, ते काय हलतायत! पैसे वगैरे काही नाही, उलट बूट आपलेच. २०१३ ला स्क्रमचा कॉल बदलून क्राउच-बाइंड-सेट झाला, म्हणजे धडकेआधीच समोरच्याला धरायचं, त्यामुळे धक्का बराच कमी झाला, पण माझी मान तोवर कामातून गेली होती. हाताची बोटं बधिर व्हायला लागली, एमआरआय झाला, डॉक्टर म्हणाले आता पुरे.

मग काही वर्षं जिममध्ये ट्रेनर, सोबत शाळेत पोरांना कोचिंग. तिथेच धंदा सापडला. शाळेला बॅग हव्या होत्या, बाहेरून मागवायचं कोटेशन आलं आणि त्यात बॅगेपेक्षा भाडं जास्त. कारण सोपं आहे, बॅगेत माल कमी आणि हवा जास्त. १४० सेंटीमीटर उंच, ४५ सेंटीमीटर जाड बॅग घ्या, कुरियरवाला लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करून ५००० ने भागतो आणि ५६-५७ किलोचं बिल लावतो, वजन भले त्याच्या निम्मंही नसो. रग्बीचे बॉल जालंधरला ढिगाने बनतात, हवा काढून पाठवले की झालं, त्यांच्याशी आपण काय स्पर्धा करणार. बॅगेची हवा मात्र काढता येत नाही, म्हणून जवळचा माणूस टिकतो. आमचा सगळा बिझनेस प्लॅन एवढाच.

टर्मिनलवर ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे एक चाचा होते, त्यांना पकडलं. बॅग बघून म्हणाले, "ये तो खड़ा किया हुआ होल्डॉल है." कापड आणि शिलाई त्यांची, कुठे फाटणार ते मी सांगायचो, इतकी वर्षं तिच्यावर अंग टाकलंय. दोन जागा असतात. एक म्हणजे बूड, पोरं बॅग उचलत नाहीत, ओढतात, म्हणून खाली ताडपत्री डबल आणि शिवण कडेला न घेता चार बोटं वर. दुसरी जागा लोकांच्या लक्षात येत नाही, बॅग सगळीकडून बंद असेल तर जोरात धडकल्यावर आतली हवा वाट शोधते आणि टाका उसवतो. म्हणून खालच्या बाजूला पितळी रिंगा मारतो, हवा पण जाते आणि पावसाचं पाणी पण. फोम ईपीईचा, पाणी न पिणारा, नाहीतर जुलैत बॅग दोघांना उचलत नाही.

पोस्टच्या पॅडची वेगळीच गंमत. आधी पॅडच्या बुडाला बॉल टेकवला तरी ट्राय (रग्बीतला गोलच म्हणा) मिळायचा, २०२० मध्ये तो नियम काढला. तरी पॅड गोललाइनच्या पुढे ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त यायला नको, त्यामुळे वाट्टेल तेवढा जाड करता येत नाही. मोजून मापून काम.

खरं सांगू का, नुसत्या रग्बीवर गाळ्याचं भाडं निघत नाही. निघतं ते सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या पिलरच्या पॅडवर आणि शाळांच्या भिंतींच्या गाद्यांवर. सगळीच गिऱ्हाइकं वेळेवर पैसे देतात असंही नाही, सरकारचं छोट्या उद्योगांचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे, कायद्याने ४५ दिवसांच्या आत पेमेंट यायला हवं, पण एका ठिकाणी नुसतं "साहेब रजेवर आहेत" ऐकत बसलोय.

रग्बीच्या ऑर्डरी आता जास्त करून ओडिशा-बिहारकडून येतात, तिकडे मुली जबरदस्त खेळतात. त्यांच्यासाठी बारीक आणि हलकी बॅग काढली, ती सगळ्यात जास्त खपते. २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली, टीव्हीवर दिसली, त्यानंतर शाळांचे फोनही वाढले. पण ती लीग सेव्हन्सची, म्हणजे सात-सात गड्यांच्या रग्बीची, शाळांना पण सेव्हन्सच हवं, सात मिनिटांचे दोन हाफ आणि स्क्रममध्ये तीन विरुद्ध तीन. माझ्यासारख्या जाड्या प्रॉपला तिथे कोण विचारतो! हौसेने स्क्रमच्या सरावाला ढकलायचं स्क्रम मशीन बनवून ठेवलंय, लोखंडी सांगाडा आणि पुढे चार पॅड, चौकशी अजून एकही नाही. चाचांचा मुलगा आता मशीनवर बसतो, तो म्हणतो भाऊ, तो सांगाडा भंगारात द्या, गाळ्यात जागा होईल. अजून दिला नाही.