संहिता सगळ्यात शेवटी

नववीच्या मुलांना नाटकाचे मूलभूत घटक शिकवायचं काम यंदा मी आपणहून मागून घेतलं. आमची शाळा वेंगुर्ले तालुक्यात, किनाऱ्याला लागून. शाळांमधून नाटक बहुतेक कसं होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. स्नेहसंमेलन जवळ आलं की कुठूनतरी एकांकिका आणायची, पाठ करून घ्यायची आणि मुलांना माइकसमोर ओळीने उभं करायचं. त्या मुलाला नंतर विचारा, तुझ्या पात्राला नेमकं काय हवं होतं? उत्तर येत नाही. माझ्या मते हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा.

आमच्या मुलांकडे एक मोठी पुंजी आहे. जत्रेतला दशावतार, म्हणजे कोकणातलं पारंपरिक लोकनाट्य, ती आईच्या मांडीवर बसल्यापासून बघतात. म्हणून पहिल्या तासाला व्याख्या सांगितलीच नाही. दशावतारात काय काय असतं ते फळ्यावर लिहायला लावलं. गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर, पेटी, मृदंग, झांज, मुकुट, मधलं बाकडं, पडदा अशी यादी भराभर वाढली. मग मी एकेक पुसत गेले आणि दर वेळी विचारलं, हे नसेल तर खेळ थांबेल का? पडदा गेला, खेळ चालू. मुकुट गेला, मुलं हळहळली, पण चालू. लिहिलेली संहिता तर यादीत आलीच नव्हती. आख्यान आणि कोण कोणाचं काम करणार हे ठरलं की नट उभ्याउभ्या बोलणं रचतात. मराठी नाटकाचा पाया घालणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हाही पदं सूत्रधार म्हणायचा आणि नट आपापली भाषणं आयत्या वेळी करायचे, हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, मगे नाटक रवता खंय?” (मग नाटक राहतं कुठे?)

पुसून पुसून फळ्यावर जे उरलं तेच त्याचं उत्तर होतं: करणारा, बघणारा, दोघांमधली जागा आणि काहीतरी हवं असलेला माणूस.

सगळ्यात जास्त तास मी संघर्षाला दिले. मुलांना संघर्ष म्हणजे मारामारी वाटते, तलवारी वाटतात. त्यांनी स्वतःच एक प्रसंग निवडला. मुलगा गोव्याला हॉटेलात कामाला निघालाय, बापाला तो रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायच्या मासेमारीत, हवाय. पहिल्या खेपेला बाप नुसता ओरडत होता आणि मुलगा रडत होता. मी थांबवून विचारलं, बापाचं काय चुकलं? रापण ओढायला दोन्ही दोरांवर माणसं लागतात. घरातला एक हात गेला तर उद्या ओढणार कोण? मग मुलाचं काय चुकलं? त्याला महिन्याचा ठरलेला पगार हवाय. वर्ग गप्प झाला. दोघंही बरोबर आहेत आणि दोघांचं एकदम होऊ शकत नाही, हे कळल्यावर प्रसंगाला आपोआप ताण आला. कोणाला ओरडावं लागलं नाही.

त्यानंतर शब्द काढून घेतले. तोच प्रसंग मुक्याने करायचा. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी अभिनय चार प्रकारचा सांगितला आहे: आंगिक (शरीराचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) आणि सात्त्विक (आतल्या भावाचा). त्यातला वाचिक बंद केला की बाकीचे कसे जागे होतात ते बघण्यासारखं असतं. बाप खाली मान घालून जाळं शिवतोय, मुलगा पिशवी भरतोय. आईचं काम करणारी मुलगी एरवी वर्गात फारशी बोलत नाही. तिने पिशवीतला घडी केलेला शर्ट हळूच बाहेर काढून बाकावर ठेवला. मुलाने तो पुन्हा आत टाकला. तिने पुन्हा काढला. नाटकातली प्रॉपर्टी, म्हणजे नट हाताळतो त्या वस्तू, काय काम करते, हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

नेपथ्याला वर्गातलं बाकडंच घेतलं. दशावतारात तेच सिंहासन होतं, आमच्याकडे ते घराचं खळं, म्हणजे अंगण झालं, आडवं टाकल्यावर होडी. रंगमंचाची डावी-उजवी बाजू प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची धरायची, एवढं मात्र घोकून घेतलं, नाहीतर तालमीत नुसता गोंधळ होतो. प्रकाशयोजनेला आमच्याकडे दोन ट्यूबलाइट, त्यामुळे तो भाग तोंडीच झाला. समुद्राचा आवाज मुलांनी सुपात तांदूळ फिरवून काढला, तो छान जमला.

संवाद यानंतर आले. नियम एकच: हातांनी सांगून झालेलं तोंडाने पुन्हा सांगायचं नाही. पानभर भाषणाचं “माका जावचा आसा” (मला जायचं आहे) एवढंच उरलं. संवाद मालवणीत नकोत, मुलांचं प्रमाण मराठी बिघडेल, असं एका सहकाऱ्यांचं म्हणणं होतं. मला ते मुळीच पटत नाही. रापणीवरचा बाप घरात जे बोलतो तोच त्याचा संवाद. रंगसूचना मुलांनी कंसात प्रमाण मराठीतच लिहिल्या आणि त्या नीट लिहिल्या, कारण काय लिहायचं ते त्यांनी आधी करून बघितलं होतं. अशी संहिता शेवटी तयार झाली.

प्रयोग आठवीच्या मुलांसमोर केला, तिन्ही बाजूंनी बसवून. संपल्यावर मुलगा जायला हवा होता की नको, यावर त्यांच्यात चांगलंच भांडण जुंपलं. प्रेक्षक हाही नाटकाचा घटक असतो, हे तेव्हा पुन्हा फळ्यावर लिहिलं.

पुढच्या सत्रात याच मुलांच्या हातात छापील एकांकिका देणार आहे. प्रत्येक प्रवेशाच्या समासात पेन्सिलीने लिहायचं, कोणाला काय हवंय आणि आड काय येतंय. पाठांतर त्यानंतर.