आमची वाटचाल : बुधवारची रात्र आणि एक चुकलेलं स्पेलिंग

आमच्या ऑफिसात बुधवारी रात्री कुणीतरी जागं असतंच. ऑफिस म्हणजे सांगलीत विश्रामबागेत झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. नवीन पोरगं कामाला लागलं की आठवड्याभरात विचारतं, सर, बुधवारच का? आम्ही वेबसाइटा करतो त्या ड्रुपलमध्ये, ते फुकट मिळणारं खुलं सॉफ्टवेअर. त्याचे सिक्युरिटी रिलीज, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, बुधवारी येतात म्हणून. तिकडे अमेरिकेत दुपार असते, आपल्याकडे जेवणं उरकलेली असतात. ही शिस्त आम्हाला कुणी शिकवली नाही. फी भरून शिकलो.

सुरुवात २००८ ची. ड्रुपल ६ नुकतंच आलं होतं. मी आणि माझा जोडीदार, दोघांत एक डेस्कटॉप, बीएसएनएलचं ब्रॉडबँड, झॅम्प, नोटपॅड प्लस प्लस आणि फाइलझिला. तेव्हा जो तो जुमला करत होता, पुढे जो तो वर्डप्रेस करायला लागला, दोन्ही ड्रुपलसारखीच सॉफ्टवेअरं. आम्ही ड्रुपलला चिकटलो ते सीसीके (माहितीचे रकाने करणारं) आणि व्ह्यूज (ते पानावर मांडणारं) या दोन मॉड्यूलपायी, म्हणजे ड्रुपलला वरून जोडायच्या तुकड्यांपायी. फील्ड जोडा, व्ह्यू लावा, तक्ता तयार. ज्यांनी सीसीकेच्या काळात काम केलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल, बाकीच्यांना सांगूनही कळणार नाही.

पहिलं मोठं गिऱ्हाईक तासगावचे बेदाण्याचे व्यापारी. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, अख्खा बाजार म्हणतो. त्यांना सौद्याचे दर रोज वेबसाइटवर हवे होते. हिरवा, पिवळा, काळा, प्रतीप्रमाणे किमान आणि कमाल. साइट झाली, त्यांच्या कारकुनाला बसवलं. त्याने दराच्या चौकटीत '१४५' टाइप केलं आणि तांबड्या पट्टीत उत्तर आलं की इथे फक्त आकडे चालतील. कारकून माझ्याकडे बघतोय, मी स्क्रीनकडे. अण्णा म्हणाले, "मग ह्ये काय हाय, रांगोळी?"

ड्रुपल लिहिलंय त्या पीएचपी भाषेला देवनागरी आकडा हा आकडा वाटतच नाही, आकडा आहे का ते तपासणारं 'इज न्युमेरिक' सरळ नाही म्हणतं. युनिकोडमध्ये आपले शून्य ते नऊ ओळीने बसलेले आहेत, त्यामुळे त्यांचे इंग्रजी आकडे करून पुढे ढकलणं हे दहा ओळींचं काम. मी ते एका रात्रीत केलं. रात्रीच केलं म्हणून फंक्शनच्या नावात 'कन्व्हर्ट' लिहिताना एन गळाला आणि 'कोव्हर्ट' झालं. कोव्हर्ट म्हणजे गुपचूप. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

२०११ च्या फेब्रुवारीत ड्रुपलचा सगळा कोड सीव्हीएसवरून गिटवर गेला, म्हणजे कोड ठेवायची व्यवस्था बदलली. म्हटलं, आता आपलंही आकड्यांचं मॉड्यूल सगळ्यांसाठी टाकावं. पण नव्या माणसाला तिथे थेट दार उघडत नसे. आधी सँडबॉक्स, म्हणजे कच्चं काम ठेवायची जागा, मग अर्ज, मग रांग. रांगेत कुणी अनोळखी माणूस तुमचा कोड ओळ न् ओळ वाचणार. मला पहिला शेरा मिळाला तो टॅबबद्दल. टॅब नको, दोन स्पेस द्या. दुसरा शेरा, कॉमेंट ८० अक्षरांच्या पुढे जातेय. तिसरा, फाइलच्या शेवटी रिकामी ओळ नाही. पाच महिने हे चाललं. मला राग यायचा, जोडीदाराला हसू यायचं. पण त्या पाच महिन्यांत मी जेवढा कोड लिहायला शिकलो तेवढा कॉलेजच्या चार वर्षांत शिकलो नव्हतो. शेवटी स्टेटस 'आरटीबीसी' झालं, म्हणजे समाजाने तपासलं आणि चालवून पाहिलं. मी खाली जाऊन पेढे आणले. स्पेलिंग मात्र त्या सगळ्यांच्या नजरेतून सुटलं, आणि एकदा रिलीज झाल्यावर फंक्शनचं नाव बदललं तर दुसऱ्याच्या साइटा मोडतात. राहू दिलं.

जोडीदार २०१२ मध्ये गेला. त्याचं म्हणणं एवढंच की फुकट वाटून काय मिळतं? आपलं स्वतःचं पॅकेज करू, गिऱ्हाईक बांधून ठेवू. मी नको म्हणालो. तो जाताना सहा गिऱ्हाइकं घेऊन गेला आणि गावात दुसऱ्या टोकाला बोर्ड लावला. नाव घेत नाही. सांगलीत ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

आता २०१४. १५ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं आणि वार बुधवार. सुट्टी दिलेली, पोरं आपापल्या गावी, मी माझ्या गावी. बोटाला शाई, कट्ट्यावर कोण येणार कोण पडणार याच्या गप्पा. आपल्या रात्री साडेनऊच्या सुमारास ड्रुपलने ७.३२ ही आवृत्ती काढली. जर्मनीतल्या एका सिक्युरिटी फर्मला डेटाबेसच्या थरात भोक सापडलं होतं. लॉगिन लागत नाही, पासवर्ड लागत नाही, बाहेरून कुणीही डेटाबेसवर हवी ती क्वेरी, म्हणजे हुकूम, चालवावा. दुरुस्ती किती? एका ओळीची. फॉरीचमध्ये नुसता 'डेटा' होता तिथे 'ॲरे व्हॅल्यूज' लावायचं. एवढंच.

मी मेल पाहिली गुरुवारी सकाळी दहाला, एसटीतून उतरून. २३ साइटा होत्या. ड्रश, म्हणजे ड्रुपलला हुकूम द्यायचं साधन, लावला आणि दुपारी तीनपर्यंत सगळ्या अपडेट करून चहा घेतला. दोन साइटांवर एक गंमत दिसली. आवृत्ती जुनीच, पण ती एक ओळ आधीच दुरुस्त केलेली. मला वाटलं होस्टिंगवाल्यांनी केली असेल, भली माणसं. त्यानंतर निकाल लागला, दिवाळी झाली, फराळ झाला.

२९ तारखेला, पुन्हा बुधवारी, ड्रुपलच्या सिक्युरिटी टीमने दुसरी सूचना काढली. पहिल्या घोषणेपासून सात तासांत ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांनी आपली साइट फुटली असंच धरून चालावं. सात तास म्हणजे आपल्या पहाटेचे साडेचार. तेव्हा मी झोपलो होतो आणि गावातले दूधवाले उठत होते. पुढे असंही लिहिलं होतं की तुम्ही न करता साइट दुरुस्त झालेली दिसली तर ते घुसखोरीचंच लक्षण समजा. चोर आत आला होता आणि दुसरा चोर येऊ नये म्हणून त्याने आतून कडी लावून घेतली होती.

डेटाबेस बघायचं पीएचपीमायॲडमिन उघडून 'मेन्यू राउटर' टेबल, म्हणजे साइटवरच्या पत्त्यांची यादी, खाली सरकवत गेलो. शंभरेक ओळी नेहमीच्या, आणि मध्येच एक ओळ, जिच्या 'ॲक्सेस कॉलबॅक'मध्ये 'फाइल पुट कंटेंट्स' लिहिलेलं. म्हणजे तो पत्ता उघडला की सर्व्हरवर हवी ती फाइल लिहून मिळणार. पोटात गोळा आला. बावीस साइटा बघायच्या अजून बाकी होत्या.

उपाय एकच सांगितला होता, १५ ऑक्टोबरच्या आधीच्या बॅकअपवरून नव्याने उभं करा. आमची स्क्रिप्ट रोज बॅकअप घ्यायची खरी, पण सातच दिवसांचे ठेवून जुने पुसायची. २९ तारखेला हातात होते ते सगळे फुटक्या साइटांचे बॅकअप. सप्टेंबरात हार्ड डिस्कवर काढून ठेवलेल्या १४ वाचल्या. नऊ गेल्या. (नव्याने धंदा करणाऱ्यांनो, महिन्याची एक प्रत वेगळी ठेवा, आणि वर्षातून एकदा ती प्रत खरोखर उभी राहते का ते करून बघा. उघडून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नसतो. आणि देखभालीचा करार केल्याशिवाय साइट ताब्यात देऊ नका, गिऱ्हाईक कितीही घरचं असलं तरी.)

आमचा जुना जोडीदार त्या महिन्यात फार फिरला. प्रत्येक गिऱ्हाइकाकडे जाऊन म्हणायचा, फुकटचं सॉफ्टवेअर वापरलं की असंच होतं. २३ ची आठ राहिली. दोन पोरांना जा म्हणून सांगावं लागलं, त्यातल्या एकाचं लग्न ठरलेलं होतं. बायकोचे दागिने सराफाकडे नव्हे, बँकेत ठेवले एवढाच काय तो फरक.

गेलेल्या नवात अण्णांची साइट होती. त्यांची शेवटची चांगली प्रत एप्रिलची. मी मान खाली घालून दुकानात गेलो, सांगितलं की सहा महिन्यांचे दर गेले. त्यांनी कारकुनाला हाक मारली, लाल कापडी बांधणीच्या बाजार वह्या काढायला लावल्या. "वही हाय की. कागदाला कोण हॅक करतंय रं?" त्यानंतर बारा दिवस तो कारकून आमच्या ऑफिसात बसून एप्रिल ते ऑक्टोबरचे सगळे दर पुन्हा टाइप करत होता, देवनागरी आकड्यांत, आमच्या मॉड्यूलमधून. अण्णांनी दोन वर्षांच्या देखभालीचे पैसे आगाऊ दिले आणि वर १५ किलोची बेदाण्याची पेटी. पेटी संपायला आम्हाला मार्च उजाडला.

२०१६ च्या फेब्रुवारीत आयआयटी मुंबईत ड्रुपलकॉन एशिया झाली. महालक्ष्मी एक्स्प्रेसने गेलो. ड्रुपलचे जनक ड्रीस बुयटार्ट स्वतः आले होते. त्यांना म्हणे साइटचं नाव डच भाषेत 'डॉर्प', म्हणजे गाव, ठेवायचं होतं, टाइप करताना चुकून 'ड्रॉप' झालं आणि त्यातूनच पुढे ड्रुपल आलं. हे ऐकून मला माझ्या 'कोव्हर्ट'बद्दल जरा बरं वाटलं.

आम्हाला सोडून गेलेलं एक गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत आलं. त्याची साइट जोडीदाराने पुन्हा ड्रुपलमध्येच केली होती, फुकटच्याच सॉफ्टवेअरमध्ये. आत एक मॉड्यूल होतं, भारदस्त नावाचं, बिलात ४०,००० लावलेले. फोल्डर उघडला. दोन स्पेस, ८० अक्षरं, शेवटी रिकामी ओळ. माझं नाव पुसलेलं, आणि फंक्शनचं नाव 'कोव्हर्ट'. जीपीएल या ड्रुपलच्या परवान्याप्रमाणे विकायला हरकत नाही, विकावं. मूळ लेखकाची नोंद पुसायची मात्र परवानगी नाही. पत्र लिहिलं. उत्तर नाही.

मधली वर्षं बरी गेली. मार्च २०१८ च्या दुसऱ्या मोठ्या भोकाच्या वेळी आठवडाभर आधी इशारा मिळाला होता. आम्ही सगळे जागे होतो, पॅच येताच तासाभरात दिवे मालवून घरी.

५ जानेवारी २०२५ ला ड्रुपल ७ चा आधार संपला, म्हणजे त्याच्या दुरुस्त्या येणं बंद झालं. अण्णांची साइट त्याआधीच ड्रुपल १० वर नेली, आता त्यांचा मुलगा बघतो. कारकून तोच आहे.

गेल्या महिन्यात आमच्या मॉड्यूलच्या इश्यू रांगेत एक तक्रार आली. नव्या आवृत्तीवर गेल्यावर फंक्शन सापडत नाही म्हणून. खाली एरर चिकटवलेली, त्यात मॉड्यूलचं नाव भलतंच, भारदस्त, आणि फंक्शन 'कोव्हर्ट'. पाठवणारा जुन्या जोडीदाराच्या ऑफिसातला कुणी नवा पोरगा असावा, बिचाऱ्याने फंक्शनचं नाव शोधलं असेल आणि आमच्या दारात येऊन पोचला असेल. दुरुस्ती दोन ओळींची आहे. ती मी लिहून ठेवलीय. सध्या स्टेटस 'पोस्टपोन्ड, मेंटेनर नीड्स मोअर इन्फो', म्हणजे आणखी माहिती मिळेपर्यंत थांबवलंय, असं करून एकच प्रश्न विचारलाय, हे मॉड्यूल आपण कुठून घेतलंत?