इतिहासाच्या तासाला मुलांनी काय विचारावं?

धडा संपल्यावर ‘काही शंका?’ असं विचारलं की सात-आठ वर्षांची मुलं गप्प बसतात. सगळं सांगून झाल्यावर विचारायला उरतंच काय? म्हणून धड्याआधीच एक जुनी वस्तू किंवा फोटो समोर ठेवावा. एकच. चार ठेवले तर मुलं आवडतं कुठलं यावर भांडत बसतात.

पहिली दोन मिनिटं फक्त बघायचं. मग चौघा-चौघांच्या गटात पाच मिनिटं प्रश्न काढायचे. या वयात हात हळू चालतो, म्हणून लिहायचं काम मोठ्यांनी घ्यावं, पण शब्द मुलांचेच ठेवावेत. या वेळात उत्तर द्यायचं नाही आणि ‘वा, छान प्रश्न!’ असंही म्हणायचं नाही. एकाला शाबासकी मिळाली की बाकीचे तसलेच प्रश्न काढतात. (उत्तर माहीत असताना गप्प बसणं शिक्षकांना फार जड जातं.)

एकोणिसाव्या शतकातला कौटुंबिक फोटो असेल तर ‘हे लोक दुःखी होते का?’ हा प्रश्न बहुधा येतोच. त्यावर हो किंवा नाही म्हटलं की संपलं. तोच ‘हे हसत का नाहीत, आणि कारण कशावरून कळेल?’ असा फिरवून घ्यावा. ‘कशावरून कळेल’ हे शेपूट जोडायची सवय लागली की निम्मं काम झालं. १८३९ मध्ये जाहीर झालेल्या डगेरोटाइप या फोटो काढण्याच्या जुन्या तंत्रात सुरुवातीला कित्येक मिनिटं न हलता बसावं लागे, हे एक उत्तर. पण तिथेच थांबू नये. शतकाच्या अखेरीला फोटो क्षणात निघू लागले, तरी चेहरे बरेचदा गंभीरच दिसतात. मग कॅमेऱ्यापलीकडे बघावं लागतं: फोटो कुणी काढवून घेतला, कशासाठी, कुणाला दाखवायला?

शेवटी प्रश्नांचे तीन गठ्ठे करावेत: फोटोतच उत्तर आहे, दुसरीकडे शोधावं लागेल, बहुधा कधीच कळणार नाही. तिसरा गठ्ठा फेकू नये. ‘या बाळाच्या मनात काय चाललं होतं?’ याचा पुरावा मिळणार नाही, हे मुलांनाच शोधू द्यावं. पुढच्या तासासाठी दुसऱ्या गठ्ठ्यातला एकच प्रश्न निवडावा.

‘यांनी मोबाइलवर फोटो का नाही काढला?’ असंही कुणी विचारतं. हसू नये, काळाचं अंतर अजून डोक्यात बसलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. दोन मीटर कागदी पट्टी घ्यावी, एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष. मुलाचं स्वतःचं आयुष्य सात-आठ सेंटिमीटर भरतं, फोटो दीड मीटर लांब जातो. मात्र ही पट्टी प्रश्न काढून झाल्यावरच उलगडावी. आधी दाखवली तर मुलं सालं वाचत बसतात आणि फोटोकडे बघायचं राहून जातं.